पुण्यातल्या बागांमध्ये सहकुटुंब एक दिवस : आखणी कशी करावी

पुण्यात बागेत दिवस घालवायचा बेत फसतो तो बहुधा दुपारी. घरातल्या सगळ्यांचं आवरता आवरता दहा वाजतात, डबे भरून, गाडी काढून, पार्किंग शोधून बागेच्या फाटकाशी पोचावं, तर रखवालदार शिट्टी वाजवत आतल्या लोकांना बाहेर काढत असतो. महापालिकेच्या बहुतेक बागा दुपारी बंद असतात. बागेनुसार वेळ थोडी पुढेमागे होते, पण साधारण सकाळी सहापासून साडेदहा-अकरापर्यंत आणि मग दुपारी चारपासून रात्री आठपर्यंत असा हिशोब धरून चाला. मधले पाच तास हातात डबा, कडेवर पोर आणि डोक्यावर ऊन, अशी अवस्था होऊ द्यायची नसेल तर सगळी आखणी या पाच तासांपासून सुरू करावी लागते.

म्हणून माझा आग्रह असा, की दिवसाचे तीन भाग करा. सकाळी एक बाग, दुपारी छप्पर किंवा गर्द सावली, संध्याकाळी दुसरी बाग. आणि हे तिन्ही शहराच्या एकाच बाजूला ठेवा. सकाळी सारसबाग, दुपारी कल्याणीनगर आणि संध्याकाळी पाषाण असा दिवस कागदावर छान दिसतो, प्रत्यक्षात तो सिग्नलवर जातो.

आधी माणसं मोजा

घरातून कोण कोण येणार याची यादी करा आणि त्यात दोन माणसं शोधा : सगळ्यात कमी चालू शकणारं आणि सगळ्यात लवकर कंटाळणारं. पहिल्या बहुधा आजी असतात, दुसरं तीन-चार वर्षांचं पोर. दिवसाचा वेग या दोघांचा. बाकीच्यांनी त्यात आपलं बसवून घ्यायचं.

आजी-आजोबांना बेत ठरल्यावर कळवू नका, ठरवतानाच विचारा. त्यांचा उपास असतो, गोळ्यांची वेळ असते, दुपारी पाठ टेकायची सवय असते, आणि यातलं काहीही ते आपण होऊन सांगत नाहीत, कारण मुलांचा हिरमोड नको असं त्यांना वाटतं. गुडघे दुखत असतील तर ‘थोडंसंच आहे’ म्हणत त्यांना पर्वतीच्या पायथ्याशी नेऊ नये. पायऱ्या १०३ आहेत. त्या रुंद आहेत, दमाने चढता येतात, पण खरी परीक्षा उतरताना होते.

लहान मुलाची दुपारची झोप मोडली तर संध्याकाळची बाग रडारडीत जाते. ती झोप कुठे होणार हे आधी ठरवा : गाडीत, आजीच्या मांडीवर, की पेठेतल्या मावशीकडे. बारा-चौदा वर्षांच्या मुलांचं उलटं असतं. घसरगुंडी-झोपाळ्याच्या बागेत ती पंधरा मिनिटांत मोबाइल काढतात. त्यांच्यासाठी दिवसात एक तरी चढ ठेवा. सगळ्यांनी दिवसभर एकत्रच राहिलं पाहिजे असं काही नाही. बाबांनी मोठ्या मुलांना घेऊन पर्वती चढावी, आईने लहान्याला पेशवे उद्यानातल्या फुलराणी आगगाडीत बसवावं, आजी-आजोबांनी सारसबागेत बाकावर बसून गप्पा माराव्यात आणि तासाभराने सगळ्यांनी एका ठरलेल्या झाडाखाली भेटावं. झाड ठरवताना ‘मोठं झाड’ असं सांगू नका, सारसबागेत सगळीच मोठी आहेत. देवळाच्या पायऱ्या किंवा अमुक फाटक अशी खूण सांगा.

महिना आणि वार

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे या कामाचे महिने. सकाळी चांगलीच थंडी असते, दुपारचं ऊन सोसवतं. मात्र डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो हे लक्षात असू द्या. संध्याकाळच्या बागेत साडेपाचला पोचलात तर अर्ध्या तासात अंधार. थंडीत दुसऱ्या बागेला चारच्या ठोक्याला हजर व्हावं.

फेब्रुवारीच्या शेवटापासून मे अखेरपर्यंत ऊन कडक असतं, तरी हा काळ मी टाळा म्हणणार नाही. झाडं फुलतात ती याच दिवसांत. आधी काटेसावर, पळस आणि पांगारा, मग बहावा, गुलमोहर आणि ताम्हण. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यपुष्प, पण शहरातल्या कितीतरी मुलांनी ते पाठ केलेलं असतं, पाहिलेलं नसतं. मे महिन्यात जांभळ्या-गुलाबी फुलांनी भरलेलं ताम्हण रस्त्याच्या कडेलाही दिसतं, बागेतही दिसतं. या दिवसांत फक्त सकाळचा भाग लवकर सुरू करा, सातच्या आत, आणि साडेनऊनंतर उन्हात थांबू नका. दुपारचा भाग मोठा ठेवा, संध्याकाळी पाचनंतरच बाहेर पडा.

पावसाळ्यात हिरवळ सुरेख दिसते, पण बसता येत नाही. सतरंजी ओली, बाकं ओली, मुलांचे मोजे ओले. त्या काळात डबा बाहेर उघडायचा हट्ट सोडा आणि फिरण्यापुरतीच बाग ठेवा.

वार ठरवताना कॅलेंडर पाहा. कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. संकष्टीला, आणि अंगारकी असेल तर विशेषच, सारसबागेत गणपतीच्या दर्शनाची रांग असते. दर्शन हाच हेतू असेल तर जरूर जा, निवांतपणा हवा असेल तर दुसरा दिवस धरा. रविवारची संध्याकाळ कुठल्याच प्रसिद्ध बागेत शांत नसते. शनिवार बरा, आणि आठवड्यात मधेच आलेली सुट्टी सगळ्यात उत्तम.

एक बाजू निवडा

पहिल्यांदाच असा दिवस आखत असाल तर दक्षिणेची बाजू घ्या : सारसबाग, पेशवे उद्यान, पर्वती आणि सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान. सगळं एकमेकांपासून जवळ, सगळ्या वयांना काही ना काही आणि स्वारगेट हाकेच्या अंतरावर.

सारसबागेत सकाळी सात-साडेसातला पोचा. त्या वेळी व्यायामाला येणारे परतीला लागलेले असतात, दर्शनाला येणारे शांत असतात आणि हिरवळीवर कोवळं ऊन असतं. इथल्या गणपतीला तळ्यातला गणपती का म्हणतात हे मुलांना जागेवरच सांगा. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी तळं करून घेतलं, तळ्यात एक बेट ठेवलं, आणि त्या बेटावर १७८४ मध्ये सवाई माधवरावांनी गणपतीची स्थापना केली. पुढे तळं गेलं, बाग झाली, बेटावरचं देऊळ मात्र तिथेच राहिलं. देवळाभोवतीच्या पाण्यात कमळं असतात. मुलांना पायऱ्यांवर उभं करून ‘आता या सगळ्या हिरवळीवर पाणी आहे असं समज’ म्हटलं, की त्यांना ते तळं दिसायला लागतं. थंडीच्या दिवसांत गेलात तर बाप्पाला स्वेटर आणि कानटोपी घातलेली असते. लहान मुलांना इतिहासाआधी हेच आठवतं, आणि त्यात काही वाईट नाही.

लागूनच पेशवे उद्यान. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पुणेकरांनी आयुष्यातला पहिला वाघ इथेच पाहिलेला असतो. १९५३ मध्ये सुरू झालेलं इथलं प्राणिसंग्रहालय १९९९ मध्ये कात्रजला हललं, पण फुलराणी इथेच राहिली. १९५६ पासूनची ही छोटी आगगाडी आजोबा, बाबा आणि नातू अशा तीन पिढ्यांची ओळखीची असते. तेव्हा आजोबांनाही तिकीट काढून डब्यात बसवा, त्यांना खाली उभं करून फक्त पिशव्या सांभाळायला देऊ नका. गाडीच्या फेऱ्यांची वेळ आणि तिकीटखिडकीची वेळ उद्यानात शिरल्या शिरल्या विचारून घ्या, बाकीचं फिरणं त्यानुसार लावा. आधी खेळ आणि मग गाडी असं केलं तर ऐनवेळी खिडकी बंद मिळते.

साडेदहाला इथून उठायचं. दुपारचं पुढे सांगते. संध्याकाळी चारनंतर पु. ल. देशपांडे उद्यानात जा. जपानमधल्या ओकायामा शहरात कोराकुएन नावाची तीनशे वर्षांहून जुनी बाग आहे, तिच्या धर्तीवर पुणे-ओकायामा मैत्रीची खूण म्हणून ही बाग उभी राहिली. साधारण दहा एकर जागा, मऊ उंचवटे, वळणाच्या पायवाटा, छोटे पूल आणि कालव्याच्या पाण्याचा वाहता ओढा. इथे चेंडू, बॅट, सतरंजी, डबा यातलं काही न्यायचा विचार करू नका. ही चालत बघायची बाग आहे. वळण घेतलं की समोरचं दृश्य बदलतं, मगाशी दिसलेला पूल आता झाडाआड जातो, हीच तिची गंमत. मुलांना सांगा, एकाच जागेवरून अख्खी बाग दिसते का शोध. ती धावत सगळीकडे जाऊन येतात आणि आजींना आपोआप निवांत तास मिळतो. पाण्यातले रंगीत मासे पाहताना लहानग्यांचा हात सोडू नका, काठाला सगळीकडे कठडा नाही.

पूर्वेची बाजू आहे ती डबा घेऊन जाणाऱ्यांची. एम्प्रेस गार्डन, रेसकोर्सच्या पलीकडे. ही महापालिकेची बाग नव्हे. १८३० मध्ये स्थापन झालेली ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था तिची देखभाल करते. ३९ एकरांची ही बाग दुपारीही उघडी असते, त्यामुळे वर सांगितलेला पाच तासांचा प्रश्न इथे येत नाही. आत नाममात्र तिकीट आहे. सतरंजी टाकायची, डबा उघडायचा, जेवून तिथेच आडवं व्हायचं, हा जुन्या पद्धतीचा सहलीचा दिवस पुण्यात अजूनही करता येतो तो इथे.

या बागेत झाडं बघण्यासारखी आहेत, आणि त्याहून वेली. मांडीएवढ्या जाड झालेल्या, पीळ पडलेल्या, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेल्या महावेली. एक वेल धरून तिचा शेंडा कुठे आहे ते शोधायला मुलांना सांगा. मान वर करून, झाडाझाडांतून बघत ती चालत राहतात आणि बहुधा वेल हरवते, कारण वर गेल्यावर तिची पानं झाडाच्या पानांत मिसळलेली असतात. वेलींवर लोंबकळू मात्र देऊ नका. इतक्या जाडीच्या वेलीला कित्येक दशकं लागलेली असतात, ती एका झोक्यात तुटू शकते. जानेवारीच्या शेवटी, प्रजासत्ताक दिनाच्या आसपास इथे पुष्पप्रदर्शन भरतं. तेव्हा गर्दी भरपूर, बसायला जागा नाही, पण फुलं बघायची तर तेव्हाच. दोन्ही एका दिवशी साधायचा प्रयत्न करू नका.

एम्प्रेसमधून चारला निघून आगाखान पॅलेसला जाता येतं. १८९२ मध्ये बांधलेला हा वाडा आणि भोवतीची हिरवळ. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई १९४२ मध्ये आणि कस्तुरबा १९४४ मध्ये इथेच, नजरकैदेत असताना गेल्या. दोघांच्या समाध्या आवारात आहेत. आजोबांनी या काळातल्या घरच्या आठवणी ऐकलेल्या असतील तर त्या सांगायला ही जागा योग्य. पण आत जायची वेळ संध्याकाळी लवकर संपते, रेंगाळू नका. तो नको असेल तर बंडगार्डन. नदीवरचा बंधारा सर जमशेदजी जीजीभॉय यांच्या देणगीतून झाला, शेजारी १८६९ सालचा फिट्झगेराल्ड पूल आहे. नदीला काही दिवस वास येतो, हे आधीच सांगते.

कात्रज हा एक स्वतंत्र दिवस आहे, त्याला दुसरी बाग जोडू नका. राजीव गांधी प्राणिसंग्रहालय १३० एकरांवर पसरलेलं आहे आणि त्यातलं बरंचसं क्षेत्र तलावाचं. वाघ, पांढरा वाघ, गवा, अस्वल, मगरी आणि सर्पोद्यान. सर्पोद्यान तर प्राणिसंग्रहालयाच्याही आधीचं, नीलमकुमार खैरे यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. अंतर भरपूर चालावं लागतं. बॅटरीवरच्या गाड्या मिळतात. आजी-आजोबा असतील तर फाटकाशीच तिकीट काढा, आत दमल्यावर शोधत बसू नका. सकाळी फाटक उघडताच जा. प्राणी सकाळी हिंडताना दिसतात, दुपारी सावलीत पडून राहतात. आणि सरळ शेवटच्या टोकाच्या पिंजऱ्यापासून सुरुवात करा. सगळे लोक फाटकाजवळ थांबत थांबत येतात, तोवर तुम्हाला लांबचे वाघ निवांत दिसतात.

तिथल्या तलावाजवळ एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेबांच्या काळात, कात्रजच्या या पाण्यापासून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी नळ बांधला गेला. पंप नाही, वीज नाही, नुसत्या उताराने पाणी पेठांतल्या हौदांत यायचं. वाटेत हवा खेळती राहावी म्हणून उसासे ठेवलेले. दक्षिणेचा बेत केला असेल आणि मुलांनी तळ्यातला गणपती पाहिला असेल, तर कात्रजला ही गोष्ट त्यांना लगेच पटते : पेशव्यांच्या पुण्यात पाणी अडवलं, फिरवलं, साठवलं, आणि आपल्या निम्म्या बागा त्याच पाण्याच्या आसपास आहेत.

टेकड्यांसाठी वेगळा दिवस नको, सकाळचे दोन तास पुरतात. लहान मुलं असतील तर तळजाई, रुंद वाटा आणि पहाटे गेलात तर मोरांचा आवाज. चालणारी मुलं असतील तर वेताळ टेकडी, शहरातली सगळ्यात उंच. तिथे जुन्या खाणीत पाणी साठतं, त्याच्या काठाशी मुलांना एकटं सोडू नका. कुठल्याही टेकडीवर पाणी मिळत नाही, माणशी एक लिटर घरून न्या. गुलाबी फुलांनी भरलेली जी झाडं फेब्रुवारीत टेकड्यांवर दिसतात ती गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी. वनखात्याने लावलेली, मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. तिच्या शेंगा किंवा बिया तोंडात घालू देऊ नका. अंधार पडायच्या आत खाली उतरा, एकट्यादुकट्याने आडवाटेला जाऊ नका. उन्हाळ्यात गवत वाळलेलं असतं, तिथे काडी ओढायची नाही.

पश्चिमेकडे, कोथरूड-डेक्कनच्या बाजूला राहणाऱ्यांना संभाजी उद्यान आणि कमला नेहरू उद्यान माहीत असतंच. दिवाळीत संभाजी उद्यानातले किल्ले पाहायला जरूर न्या. एरवी या संध्याकाळी दोन तासांच्या बागा आहेत.

दुपारचं काय?

एम्प्रेस आणि कात्रज सोडून बाकी सगळ्या बेतांत हा प्रश्न आधी सोडवा. दक्षिणेच्या बाजूला असाल तर बाजीराव रस्त्याजवळचं राजा दिनकर केळकर संग्रहालय उत्तम. दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मरणार्थ ते उभं केलं. अडकित्ते, दिवे, शाईच्या दौती, कोरीव दारं, वाद्यं, मस्तानी महाल. आजींना तिथे फिरवा आणि मुलांना त्यांच्या मागे सोडा; कुठल्या वस्तूला काय म्हणतात आणि ती कशी वापरायची हे सांगणारं माणूस आपल्याच घरचं असतं. दीड तास पुरे. त्यानंतर टिळक रस्त्यावर किंवा बाजीराव रस्त्यावर साधं जेवण. पेठेत नातेवाईक असतील तर आधी फोन करून त्यांच्याकडेच पाठ टेका, पण जेवायला येतोय असं सांगून त्यांना कामाला लावू नका.

पश्चिमेला कोथरूडमध्ये जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, लहान मुलं तिथून हलत नाहीत. वेळ फोनवर विचारून जा. पूर्वेला आगाखान पॅलेस दुपारीही चालतो, मग क्रम उलटा करून दुपारी तो आणि संध्याकाळी बंडगार्डन.

मॉलमध्ये दुपार काढण्याच्या मी विरोधात आहे. एसीतून चारला बाहेर पडलेली मुलं बागेत जायला तयार होत नाहीत आणि हातात एक खेळण्याचं नवीन खोकं आलेलं असतं.

डबा

बाहेर खायला मिळतंच, मग डबा कशाला, असं वाटत असेल तर सारसबागेच्या चौपाटीवर रविवारी संध्याकाळी भुकेल्या मुलाला घेऊन पावभाजीची वाट पाहून बघा. पावभाजी जरूर खा, पण पोटात काहीतरी असताना.

दोन वेळांचा विचार करा. सकाळच्या बागेत नऊच्या सुमारास न्याहारी : दशमी आणि लसणाची चटणी, किंवा थालीपीठ आणि लोणी. दशम्यांची कणीक दुधात भिजवली की त्या संध्याकाळपर्यंत मऊ राहतात, पाण्यात भिजवलेल्या पोळ्या वातड होतात. सोबत अख्ख्या काकड्या आणि छोटी सुरी. घरून कोशिंबीर करून नेली तर तिला पाणी सुटून डबा गळतो.

जेवणाला दहीभात. उन्हाळ्यात दही घालून नेलेला भात दुपारपर्यंत आंबट होतो, म्हणून जुन्या बायका करतात तसं करा : मऊसर भात कोमट असताना त्यात भरपूर कोमट दूध घाला, विरजणापुरतं चमचाभर दही कालवा, किंचित मीठ. सकाळी सातला केलेला हा भात दुपारी एकपर्यंत डब्यातच विरजतो, आंबट होत नाही आणि कोरडाही पडत नाही. हिंग-जिऱ्याची आणि कढीपत्त्याची फोडणी गार करून वेगळ्या डबीत न्या, वाढताना वर घाला. बरोबर तळलेल्या सांडग्या मिरच्या, पण त्या वेगळ्या, कोरड्या. शिवाय बटाट्याची सुकी भाजी. ओली उसळ नको.

मधल्या वेळेला भडंग आणि गुळशेंगदाणे. मे महिन्यात पन्ह्याचा अर्क बाटलीत नेऊन तिथे पाणी घालून द्या. उपासाचं कोणी असेल तर साबुदाण्याची खिचडी गार झाली की दगड होते; त्याऐवजी शेंगदाण्याचे लाडू, राजगिऱ्याच्या वड्या, केळी. स्टीलचे डबे, स्टीलचे पेले. कात्रजला डबा प्राण्यांसमोर उघडू नका आणि प्लास्टिकच्या वेष्टनातला खाऊ नेऊच नका. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकला राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि पिंजऱ्यात उडालेली पिशवी हरणाच्या पोटात जाते.

पिशवी

एक मोठी आणि एक छोटी. मोठीत डबे, सतरंजी, पाणी. छोटी सतत खांद्यावर : औषधं, ओआरएसची पाकिटं, ओला रुमाल, मुलांचा एक जादा शर्ट-चड्डी आणि मोजे, डास पळवायचं मलम, थोडे सुटे पैसे, टॉर्च. सतरंजीच्या खाली अंथरायला एक जुनं रेक्झिन किंवा ताडपत्रीचा तुकडा घ्या. सकाळी सातला हिरवळ दवाने ओली असते आणि ओल्या सतरंजीवर आजोबांना बसवणं बरं नव्हे. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी घडीची खुर्ची. बागेतली बाकं सकाळी सगळी भरलेली असतात.

स्वच्छतागृहं बहुतेक बागांत आहेत, अवस्था सारखी नसते. घरून निघताना, संग्रहालयात आणि जेवणाच्या ठिकाणी सगळ्यांना जाऊन यायला लावा. मधल्या भागात मग अडत नाही. साबणाची छोटी बाटली आपली न्या.

आग्या मोहोळ मोठ्या झाडांवर असतं. मान वर करून एकदा बघा आणि त्याखाली सतरंजी टाकू नका. मोहोळाजवळ तीव्र वासाचं अत्तर किंवा धूर नको, मुलांना दगड मारू देऊ नका.

जायचं कसं

दक्षिणेच्या बेताला पिंपरी-चिंचवडहून मेट्रोने थेट स्वारगेट गाठता येतं, तिथून सारसबाग रिक्षाने पाच मिनिटांवर. वनाज किंवा रामवाडीकडून येणाऱ्यांनी न्यायालयाच्या स्थानकावर गाडी बदलावी. बंडगार्डन, येरवडा ही स्थानकं वनाज-रामवाडी मार्गावरच आहेत, पूर्वेच्या बेताला ती सोयीची. कात्रजला स्वारगेटहून पीएमपीच्या भरपूर बस आहेत. लहान मुलांना मेट्रोचा प्रवास हाच दिवसातला एक कार्यक्रम वाटतो, त्यासाठी वेळ धरा.

गाडी नेणार असाल तर ती सकाळी एका जागी लावा आणि मधले छोटे टप्पे रिक्षाने करा. सारसबागेभोवती संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. तीनपेक्षा जास्त माणसं असतील तर दोन रिक्षा लागतातच, कोण कोणाबरोबर बसणार हे घरी ठरवा. मुलांपैकी प्रत्येकाच्या खिशात आई-बाबांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या, विशेषतः संकष्टीला आणि रविवारी.

बागेत पोचल्यावर

पहिला अर्धा तास मुलांना काहीच सांगू नका, पळू द्या. त्यानंतर एखादं शोधायचं काम द्या. माझ्या अनुभवात सगळ्यात चालणारं काम म्हणजे आपटा आणि कांचन वेगळे ओळखणं. दसऱ्याला बाजारात आपटा म्हणून कितीदा तरी कांचनाची पानं विकतात. दोन्ही पानं जोडपानं, खाच पडलेली. आपट्याचं पान लहान, रुंदीला जास्त, हाताला जाडसर आणि खाच उथळ. कांचनाचं मोठं, लांबट आणि खाच खोल. खाली पडलेलं पान उचलायचं, झाडावरचं तोडायचं नाही. एक पान हातात घेऊन मुलगी आजोबांकडे विचारायला गेली, की पुढचा अर्धा तास तुम्हाला काही करावं लागत नाही.

दुसरं काम कानाचं. कुठेतरी तांबट पक्षी एकसारखा टुक टुक करत असतो, भांड्यावर ठोके मारल्यासारखा. आवाज सगळीकडून येतो, पक्षी दिसत नाही, कारण तो पानांसारखाच हिरवा आणि चिमणीपेक्षा थोडाच मोठा. एका झाडाखाली उभं राहून आवाज मोठा होतो का बघायचा, मग पुढच्या झाडाखाली. वाळकी, उघडी फांदी असेल तर तिच्या टोकाकडे आधी पाहा, तो तिथे बसतो. एम्प्रेसमध्ये धनेश दिसण्याची शक्यता आहे. वड, पिंपळ, उंबर पिकलेले असतील तर त्यांच्याखाली थांबा. फळं खायला पक्षी तिथेच येतात, आपण शोधत फिरायची गरज नाही.

निघण्याची वेळ ठरवताना मुलं दमायची वाट पाहू नका. साडेसहाला, अजून खेळायचं आहे असं म्हणत असतानाच उठा. शेवटी पाच मिनिटं सगळ्यांनी मिळून जागा साफ करायची, आपला कचरा आपल्या पिशवीत घरी. फाटकाबाहेर रिक्षावाले संध्याकाळी मीटरने यायला कां-कूं करतात, म्हणून बागेतून उठतानाच फोनवरून रिक्षा बोलवा किंवा चालत मुख्य रस्त्यावर या आणि तिथे थांबवा. घरी कुकर लावायची वेळ येऊ नये म्हणून सकाळी निघताना खिचडीचे डाळ-तांदूळ धुवून, मोजून ठेवलेले असावेत.